ओळख न दाखवणारे शांतवन ब्रदर

शिरूरच्या बाजारात एखादा उंच, किडकिडीत, पांढऱ्या बुशशर्टातला माणूस तुम्हाला पाहताच गर्रकन वळला आणि समोरच्या दुकानाची पाटी परीक्षेचा अभ्यास असल्यासारखी वाचू लागला, तर दोन गोष्टी नक्की समजा. एक, ते आमचे शांतवन ब्रदर. आणि दोन, तुम्ही कधी ना कधी त्यांच्या समोरच्या बाकावर बसून रडलेले आहात.

ब्रदर म्हणजे दवाखान्यातले ब्रदर. बाई असली की सिस्टर म्हणतात, पुरुष असला की ब्रदर. एका जुन्या धर्मादाय संस्थेचा मानसिक आजारांचा दवाखाना शिरूरला मंगळवारी भरतो आणि दौंडला गुरुवारी. तिथल्या गोळ्यांच्या खिडकीत बसणारी फार्मसिस्ट मी. आमच्याकडे येणारी माणसं त्याला मनाचा दवाखाना म्हणत नाहीत, डोक्याचा तर मुळीच म्हणत नाहीत. ‘मंगळवारचा दवाखाना’ म्हणतात. घरातून निघताना ‘जरा मंगळवारचं काम हाय’ एवढंच सांगतात, आणि ज्याला कळायचं त्याला ते कळतं.

डॉक्टर पुण्याहून यायचे, गोळ्या लिहून द्यायचे आणि ऊन कलायच्या आत परत निघायचे. बाकीचं सगळं ब्रदरांकडे. पेशंटचं ऐकून घ्यायचं, घरच्यांना समजवायचं, यायचा बंद झाला त्याच्या गावी जाऊन पाहायचं. पण ‘कसं काय, बरं वाटतंय का?’ हा प्रश्न त्यांनी बावीस वर्षांत कुणाला विचारला नाही. म्हणायचे, “बरं हाय म्हंतात सगळे. खोटं बोलायला शिकवू नये मानसाला.” त्यांचा प्रश्न ठरलेला. “काल सांजच्याला काय जेवला? मीठ बराबर हुतं का?”

जेवण आठवलं की पेशंट सुधारतोय. मीठ कमी होतं म्हणून तक्रार केली की आणखी सुधारतोय. बायकोला त्यावरून बोलला असेल तर ब्रदर खुशीत येऊन हाक मारायचे, “चला, पुढचं!” पुढेपुढे तर डॉक्टरही पेशंट आत आला की आधी बाहेर मान काढून विचारायचे, “ब्रदर, मीठ काय म्हणतंय?”

दुसरं त्यांचं वेड म्हणजे कव्हरं. संस्थेने पेशंटसाठी पिवळीधमक कार्डं छापली होती. ब्रदरांच्या मते ती एस.टी. स्टँडच्या पलीकडून ओळखू यायची. म्हणून ते दुपारी बसून प्रत्येक कार्डाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालायचे. माझ्या खिडकीत कुणी मार्चची चतुर्थी पुढे करायचा, कुणी डाळिंबाच्या खताची जाहिरात. एकदा संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो असलेलं कॅलेंडर हाती लागलं, तर त्यांनी अध्यक्षसाहेब दुमडून आतल्या बाजूला घेतले. म्हणाले, “उगं गाजावाजा नको.”

‘उगं गाजावाजा नको’ हे त्यांचं पालुपद. ते शिरूरचेच, चर्चच्या मागच्या आळीतले. म्हणजे निम्मा तालुका त्यांना ओळखणारा. आणि त्यांना ओळखणारा प्रत्येक जण त्यांचं कामही ओळखणारा. त्यांनी बाजारात कुणाला नमस्कार केला, की शेजारचा विचारणार, तुमची ह्यांची ओळख कशी? म्हणून हा पाट्या वाचायचा उद्योग. एकदा एका शिक्षकाला चुकवायला ते तयार ब्लाउजच्या दुकानाची पाटी इतका वेळ वाचत उभे राहिले, की आतल्या मुलीने बाहेर येऊन वहिनींचं माप विचारलं. घरी वहिनी नव्हत्या. ब्रदरांनी लग्न केलेलं नव्हतं.

शिरूरहून दौंडला आम्ही न्हावऱ्यावरून एस.टी.ने जायचो. त्या गाडीवर एक कंडक्टर होता. दर मंगळवारी आमच्याकडे येऊन हुंदके देणारा. गुरुवारी तो ब्रदरांना विचारायचा, “कुठं जायचं?” आणि ब्रदर अनोळखी आवाजात सांगायचे, “दौंड, एक.” दोघांचा अभिनय पाहण्यासारखा. पहिल्यांदा मी न राहवून म्हणाले, “अहो, हे तर आपले...” आणि पायावर चप्पल पडली. ब्रदरांची, दहा नंबरची.

मला हे पटायचं नाही. माझा स्वभाव बोलका, आवाज तीन दुकानं ओलांडून जाणारा, आणि माणूस दिसला की हाक मारल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी त्यांना एकदा कोंडीत पकडलं. म्हटलं, “ब्रदर, तुम्ही पेशंट सोडून बाकी सगळ्यांना वाकून नमस्कार करता. मग ज्याला करत नाही तो पेशंट, हे लोकांच्या ध्यानात येणार नाही होय?”

दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळ्यांनाच ओळख दाखवायचं बंद केलं. चुलतभावाला, चर्चच्या पाळकांना, संस्थेच्या अध्यक्षांना. अध्यक्ष चारचौघांत हात पुढे करून उभे आणि ब्रदर कीटकनाशकाची पाटी वाचतायत, असा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. मलासुद्धा ते रस्त्यात ओळख दाखवेनात. मी रागावले तर म्हणाले, “ताई, सल्ला तुमचाच हाय.”

मग संस्थेला कुणीतरी सांगितलं, की कर्मचारी आपल्या कामात समाधानी आहेत की नाहीत हे तपासलं पाहिजे. पुण्याहून एक मुलगी फॉर्म घेऊन आली. मी माझा फॉर्म तावातावाने भरला. दखल घेतली जात नाही, पंखा चालत नाही, खिडकीची कडी तुटलीय, सगळं लिहिलं. ब्रदरांचा फॉर्म मी चोरून वाचला. ‘तुमच्या कामाची दखल घेतली जाते का?’ याच्यापुढे त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘देवाच्या कृपेने नाही.’ ‘कामाचं फळ दिसतं का?’ याच्यापुढे, ‘बरा झालेला मनुष्य येत नाही. तो आला नाही की समजतो.’ ‘पुन्हा संधी मिळाली तर हेच काम निवडाल का?’ इथे नुसतं ‘होय’. त्या मुलीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “हे सर चेष्टा करतायत का?” मी म्हटलं, नाही, ते असेच आहेत. तेव्हा मी हसले होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातंय. पण झालं ते माझ्यामुळे झालं, म्हणून मीच सांगायला हवं.

केंदूरची संगीता आमची पेशंट. बाळंतपणानंतर तिला आवाज ऐकू यायला लागले, ही मुलगी तुझी नाही, बदललेली आहे म्हणून. तेव्हा ती माहेरी न्हावऱ्याला होती. नवरा कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात कामाला. त्याने तिला आमच्याकडे आणली, पण आपल्या आईला पत्ता लागू दिला नाही. थायरॉइडच्या गोळ्या आहेत म्हणून सांगितलं. चार वर्षांत संगीता सावरली. मुलगी अंगणवाडीत जायला लागली, संगीता घरी शिलाई करायला लागली. शेवटी ती सासूच्या आमटीला नावं ठेवू लागली तेव्हा ब्रदरांनी इतक्या मोठ्याने ‘पुढचं!’ म्हटलं की रांगेतला एक म्हातारा दचकला.

एकदा तिच्या गोळ्यांची तारीख उलटून दोन मंगळवार गेले, तरी ती आली नाही. मला काळजी वाटली. खरंच वाटली, हे माझ्या बाजूचं एवढंच. त्या शनिवारी ती बाजारात बांगड्या भरताना दिसली आणि मला इतका आनंद झाला, की मी लांबूनच ओरडले, “अगं संगीता! दोन मंगळवार झाले की! गोळ्या संपल्या असतील ना तुझ्या? परत ते आवाज वगैरे नाहीत ना?”

तिच्या शेजारी नऊवारीतली बाई वळली. सासू.

“कसलं आवाज?”

“ते... थायरॉइडमध्ये होतं तसं,” मी म्हटलं.

“थायराडमदी आवाज येत्यात व्हय? आन् तुम्ही कोन वो?”

मी काही बोलायच्या आत बांगडीवालाच मदतीला आला. “ह्या मंगळवारच्या दवाखान्यातल्या मॅडम,” तो म्हणाला. संगीताचा हात त्याच्या हातात होता. तिने तो सोडवून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून विसरता येत नाही.

पुढच्या मंगळवारी तिचा नवरा खिडकीत आला. एकटाच. “आयनं तिला न्हावऱ्याला धाडली. पोरीला ठिवून घेतलं. म्हंती, पोरीच्या जिवाला धोका हाय.” मी ब्रदरांना सगळं सांगितलं, माझ्या आरोळीसकट. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “पोरगी कुणापाशी झोपती?”

रविवारी ते मला म्हणाले, “ताई, केंदूरला जायचं. चूक तुमची हाय तर माफी तुम्ही मागायची. फकस्त माफी. त्याच्याम्होरं तोंड उघडायचं न्हाई.”

आम्ही गेलो. अंगणात संगीताचे सासरे, आबा, कांदा निवडत बसले होते. सासूने चहा दिला, कारण दारात आलेल्याला चहा द्यायचा असतो. मी माफी मागितली, ती तिने ऐकली न ऐकल्यासारखी केली. ब्रदर मात्र आपलं नाव, काम, दवाखाना सगळं सांगून बसले. बावीस वर्षांत मी त्यांना गावात जाऊन आपली ओळख सांगताना पहिल्यांदा पाहिलं. तेवढ्यात ती चार वर्षांची नात बाहेर आली, ब्रदरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सरळ त्यांच्या मांडीवर बसून कांद्याच्या टरफलावर रेघा ओढायला लागली.

ब्रदर समजावत होते. आजार हाय, बीपीसारखा, साखरेसारखा. गोळी चालू असली की मानूस तुमच्या-माझ्यासारखं.

“बीपीवाला पोराला हिरीत टाकत न्हाई,” सासू म्हणाली.

“हिनं टाकलं का?”

“न्हाई टाकलं. पर टाकंल. येड्या मानसाचा भरवसा कुनी द्यावा? तुम्ही देता?”

ब्रदरांनी खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढून खाटेवर ठेवली. मला ती लांबूनच ओळखू आली. संगीताला मी दर महिन्याला देत होते, त्याच गोळ्या.

“ह्या तिच्या न्हाईत. माझ्या हायत,” ते म्हणाले. “बावीस वरसं घेतोय. मलाबी आवाज यायचे. आता तुमचा च्या प्यालो, तुमची नात माझ्या मांडीवर बसलीय. काढून घेता का?”

सासूने खरंच पुढे होऊन नातीला उचललं. विचार न करता उचललं असावं, कारण उचलल्यावर तिला आत जायचं की तिथेच उभं राहायचं ते कळेना. मुलगी खाली पडलेल्या पेनासाठी रडायला लागली. ब्रदरांनी पेन तिच्या हातात दिलं.

कांदा निवडत बसलेले आबा म्हणाले, “बावीस वरसं म्हंता. आन् नोकरी?”

“तीबी बावीस वरसं.”

आबांनी हातातला कांदा टोपलीत टाकला आणि मुलाला हाक मारली. “उद्या जाऊन सूनबाईला घिऊन ये. आन् गोळ्या तुझी आय देईल तिला, रोजच्या रोज. मंजी तिचीबी खात्री पटंल.”

परतीच्या गाडीत मी विचारलं, “ब्रदर, गोळ्या माझ्या खिडकीतून कधी घेतल्या नाहीत तुम्ही.”

“दौंडला गाडी धरून सोलापूरला जातो. रविवारी. तिथं मला कुनी वळखत न्हाई.”

आणि मी बावीस वर्षं त्यांच्या रविवारच्या सोलापूरवरून त्यांना चिडवत होते, की तिकडे कुणीतरी ठेवलीय म्हणून. ते हसायचे. त्या दिवशी मी आधी कधी न विचारलेलं विचारलं, लग्न का नाही केलं. “ठरलं हुतं. मी तिला खरं सांगितलं,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

संगीता घरी आली. सासू आता तिच्याबरोबर रांगेत उभी राहते, माझ्याशी गोळीच्या रंगावरून भांडते. तेवढं एक चांगलं झालं. पण केंदूरच्या अंगणात सांगितलेली गोष्ट अंगणात थोडीच राहते? महिन्याभरात ती संस्थेच्या ऑफिसात पोचली. वेडाच वेड्यांना तपासतो, असं कुणीतरी लिहून पाठवलं होतं. चौकशी बसली. मला बोलावून विचारलं, “यांच्या आजाराची तुम्हाला कल्पना होती का?” मी म्हटलं, “नव्हती.”

हे खरं होतं. पण त्याच्यापुढे मला कितीतरी बोलता आलं असतं. बावीस वर्षांत त्यांनी एक मंगळवार चुकवला नाही, हे सांगता आलं असतं. त्यांच्यासारखं काम दुसरं कुणी करू शकत नाही, हे ओरडून सांगता आलं असतं. बाजारात नको तिथे फुटणारा माझा आवाज, त्या खुर्चीत बसल्यावर बाहेरच आला नाही. समोर अध्यक्ष होते, माझी नोकरी होती. मी सही केली आणि उठले. माझ्या त्या एका शब्दावरून कागदात लिहिलं गेलं, की संबंधितांनी माहिती लपवली. ब्रदरांना पेशंटपासून दूर, दौंडच्या भांडारात टाकलं. कापूस, पट्ट्या, सलाइनच्या बाटल्यांची खोकी.

दौंडचं भांडार दवाखान्याच्या मागेच आहे. गुरुवारी दुपारी मी डबा घेऊन तिकडे जाते. सुरुवातीला लोक फार विचारायचे, ब्रदर कुठायत म्हणून. मला ब्रदरांची ताकीद होती. “लांब बदली झाली म्हना. हितंच हाय म्हटलं तर उठून येतील, आन् उगं गाजावाजा हुईल.” मी तसं सांगायचे. मग जेवताना कोण आलं, कोण नाही, कोण मिठाबद्दल काय बोललं, ते त्यांना सांगायचे. ते खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता ऐकायचे. एखाद्याची गोळी डॉक्टरांनी कमी केली असं म्हटलं की खुशीत चिठ्ठी तिरकी चिकटायची, मग ती पुन्हा काढून सरळ चिकटवायचे.

त्यांच्या जागी आलेली सिस्टर चांगली आहे. हुशार आहे, गोड बोलते, रांग भराभर पुढे सरकते. लोकांना तिची सवय झाली. काही बरे झाले आणि यायचे थांबले. विचारणारे हळूहळू कमी झाले आणि गेल्या काही गुरुवारी तर कुणीच विचारलं नाही.

परवाच्या गुरुवारी ब्रदरांनी डबा उघडलाच नाही. एका खोक्याची दोरी सोडत-बांधत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “ताई, कुनी इचारलं का?”

“काय?”

“न्हाई, आपलं आसंच. कुठं गेला म्हनून.”

मी म्हटलं, “विचारतात की! सगळेच विचारतात.”

“कोन कोन?”

मी सांगायला लागले. पाटसचे मास्तर विचारत होते. केडगावची ती भाजीवाली विचारत होती. कार्डावरची नावं आठवतील तशी घेत गेले. कुरकुंभचा एक वेल्डर होता, त्याचंही नाव घेतलं.

“तो दिवाळीतच बरा झालाय,” ब्रदर म्हणाले. “तो कशाला यील आता?”

कुठे पाहावं ते मला कळेना. ब्रदरांनी दोरीची गाठ मारली, खोकं भिंतीला सरकवलं आणि माझ्यासमोर येऊन बसले.

“आसू द्या,” ते म्हणाले. “सांगा आनखी.”

मी आणखी नावं सांगत राहिले.